तानी आणि ढोल्या

प्रिय इरा आणि निहार,

परवा तुम्ही पाठवलेला फोटो मी दोन बोटांनी मोठा करून पुष्कळ वेळ पाहत बसले. तांबड्या मातीचा रस्ता, दोन्ही बाजूंना खुरटी झुडपं, आणि मधोमध रस्ता ओलांडणारा तो उंच पक्षी. त्याच्या मागे पट्ट्यापट्ट्यांची चार पिल्लं. खाली इराने लिहिलं होतं, ‘आजी, आई इमू आणि तिची बाळं! असा पक्षी तू कधी पाहिला नसशील.’

या ओळीत दोन चुका आहेत. पहिली लगेच सुधारते. पाहिला आहे. नुसता पाहिला नाही, त्याची लाथ थोडक्यात चुकवली आहे, आणि तीही इथेच, रेवदंड्याहून काशीदला जाताना लागणाऱ्या डोंगराच्या पायथ्याशी. दुसरी चूक सांगायला मला जरा लांबून यावं लागेल.

एका दिवाळी अंकाचे संपादक ‘तुमच्या नोकरीतलं काहीतरी लिहा’ म्हणून दोन वर्षं मागे लागले आहेत. मी ठरवलं, लिहायचं तर तुम्हालाच लिहायचं. त्यांना हवं तर त्यांनी छापावं. इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्ही एका बैठकीत वाचलं असतं, आणि मलाही सोपं गेलं असतं, कारण माझी शाळा, कॉलेज, औषधांची पुस्तकं, सगळं इंग्रजीतच झालं. पण या गोष्टीतली माणसं इंग्रजी बोलत नव्हती. त्यांच्या तोंडी इंग्रजी घातलं तर माझी मलाच ती ओळखू यायची नाहीत. तेव्हा सावकाश वाचा. अडेल तिथे आईला विचारा.

मी गुरांची डॉक्टर होते हे तुम्हाला माहीत आहे. पण तुमच्या डोळ्यांसमोर पांढऱ्या कोटातली, मांजरीचं पिल्लू कडेवर घेतलेली बाई येत असेल. तसं नव्हतं. सरकारी गुरांचा दवाखाना म्हणजे पत्र्याच्या छपराच्या दोन खोल्या आणि अंगणात जनावर उभं करायचा एक खोडा. सकाळी जनावरं आमच्याकडे यायची, दुपारी आम्ही जनावरांकडे जायचो. आम्ही म्हणजे मी आणि मलमपट्टीला मदत करणारे माझे ड्रेसर तांडेल. माझा हात खांद्यापर्यंत गाईच्या आत, अडलेलं वासरू हाताला लागतंय न लागतंय, आणि गाईचा मालक पलीकडून अगदी आस्थेने विचारायचा, ‘बाई, जेवून आलात, का चहा टाकू?’

आमच्या धंद्याची एक गंमत सांगते. रोगी बोलत नाही, मालक बोलतो. आणि मालक जनावराचं सांगता सांगता स्वतःचंच सांगून जातो. ‘म्हैस पान्हा सोडत न्हाय’ म्हणून बोलावणं आलं, तर म्हशीला बहुतेक वेळा काही झालेलं नसायचं. रोज धार काढणारी सून रुसून माहेरी गेलेली असायची, आणि सासूचा हात म्हशीला चालत नसायचा. अशा वेळी मी औषध लिहून द्यायचे नाही. ‘सुनेला आणा’ म्हणायचे. सासवा माझ्यावर फार रागवायच्या.

एकाने कोंबडा आणला होता. काय होतंय विचारलं तर म्हणाला, ‘भर दुपारी आरवतो. मुंबईचे पावणे ऱ्हायला येतात आमच्याकडं, त्यांची झोप मोडते. तेवढं बंद करून द्या.’ मी म्हटलं, हे माझ्या हातात नाही. तो म्हणाला, ‘मंग सरकारनं तुम्हाला ठेवलंय कशाला?’ याचं उत्तर मला निवृत्त होईपर्यंत सापडलं नाही.

आणि तुमचे आजोबा. ते गावातल्या शाळेत मास्तर होते. शाळा सुटली की घरी. त्यामुळे तुमच्या आईला शाळेत सोडणं, आणणं, वेणी घालणं, डब्यात काय द्यायचं ते ठरवणं, हे सगळं त्यांच्याकडे. मी कुठल्या तरी गोठ्यात. लोक बोलायचे. आजोबा ऐकायचे आणि वेणीची रिबीन आणखी घट्ट बांधायचे. तुमच्या आईला ताप आला की ती ‘बाबा’ म्हणून हाक मारायची. मी शेजारी बसलेली असले तरी.

संध्याकाळी माझ्या मोपेडचा आवाज वळणावर आला की आजोबा दार उघडून उभे राहत. मी कितीही उशिरा आले, कितीही शेणाने माखलेली असले, तरी दार उघडंच असायचं. इतक्या वर्षांत मी घराची चावी कधी बाळगली नाही. लागलीच नाही.

आता इमूकडे येते.

हसुरामदादा हे मिठागरवाल्यांच्या घरातले. मिठागर बंद पडलं तसे ते ट्रक चालवायला लागले. मुलगा नवी मुंबईला टेम्पो घेऊन स्थायिक झाला. दादांची पाठ धरायला लागली तशा लांबच्या फेऱ्या कमी झाल्या, आणि ते बायकोच्या, म्हणजे चांगुणाबाईंच्या, माहेरच्या डोंगराकाठच्या जमिनीवर येऊन राहिले. त्या सुमारास एका कंपनीची माणसं गावोगाव फिरून इमू पाळायला सांगत होती. पक्षी आम्ही देऊ, खाद्य आम्ही देऊ, अंडी आम्हीच नेऊ. दादांनी जाळीचं कुंपण घातलं आणि आमच्या या दमट, खाऱ्या हवेच्या किनाऱ्यावर, आंब्याफणसाच्या सावलीत, हा रखरखीत माळरानाचा पक्षी येऊन उभा राहिला.

तुम्ही राहता तो त्याचाच देश, तुम्ही त्याला त्याच्या घरात पाहिलंत. मी त्याला परक्या जागी पाहिलं, म्हणून कदाचित जास्त नीट पाहिलं. त्याचं सगळं शरीर मोकळ्या, कोरड्या, लांबच लांब जमिनीसाठी बनवलेलं आहे. पंख आहेत, पण हाताच्या पंजाएवढे, विसरून गेल्यासारखे. उडणं नाहीच. सगळी भिस्त पायांवर. तीन बोटं, तिन्ही पुढे, मागे बोटच नाही. दिवसेंदिवस चालत राहायचं, जिकडे पाऊस झाला असेल तिकडे जायचं. पिसं केसांसारखी लोंबती आणि एकेका मुळातून दोन-दोन फुटलेली, म्हणजे वरून ऊन भाजलं तरी आतली कातडी थंड राहावी. पाणी मिळालं तर पोटभर पिणार, नाही मिळालं तर तक्रार नाही. अशा पक्ष्याला आमच्या पावसाळ्याच्या चिखलात उभं केलं की त्याचे पाय फाकायचे. कुंपणाच्या कडेकडेने तो एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालायचा, मग परत. चांगुणाबाई म्हणायच्या, ‘यांना कुठं जायचं आसतं रोज, कोन जाने.’

मला पहिलं बोलावणं आलं ते चावीमुळे.

‘बाई, पाखराने चावी खाल्ली,’ हसुरामदादा दवाखान्याच्या दारातूनच म्हणाले.

‘कसली चावी?’

‘ट्रकची.’

‘दुसरी असेल ना घरी?’

‘ती गेल्या महिन्यात खाल्ली. तवा तुम्हाला तरास दिला न्हाय.’

इमूला चकाकणारं काहीही चालतं. दात नाहीत, म्हणून पोटातलं दळण दळायला तो दगड गिळतो, आणि दगड नसले तर बोल्ट, काच, चाव्या. मी गेले. गुन्हेगार कोण ते चटकन कळलं. कळपातला सगळ्यात थोराड पक्षी छाती काढून उभा होता. गळ्याखालची पिशवी फुगवून तो मधूनच आवाज काढायचा, ढुम्म, ढुम्म, लांब कुठे तरी ढोल वाजत असल्यासारखा. घरात त्याचं नाव ढोल्या पडलं होतं. त्याच्या मागे एक किरकोळ, गप्प पक्षी असायचा. तो चांगुणाबाईंच्या पदराला चोच लावत फिरायचा. तिचं नाव तानी.

मी ढोल्याचं पोट चाचपलं, त्याने लाथ उगारली, तांडेल भिंतीवर चढले. मी दादांना सांगितलं, कापाकापी करायला नको, चावी बहुधा पोटातच झिजेल. दादा डोक्याला हात लावून म्हणाले, ‘म्हंजे आता ह्यो कोंबडाच चालू करायचा आन् त्याच्यावर बसून पनवेलला जायाचं.’ चांगुणाबाई इतक्या हसल्या की त्यांना खाली बसावं लागलं. मीही घरी येऊन आजोबांना ते सांगितलं, आणि तेही हसले.

त्यानंतर एका वर्षात दोन गोष्टी झाल्या. कंपनीची माणसं यायची बंद झाली. फोन लागेना, खाद्याची गाडी येईना. ज्यांनी ज्यांनी इमू पाळले होते ते सगळेच अडकले. आणि त्याच पावसाळ्यात तुमचे आजोबा गेले. तुम्ही दोघं तेव्हा नव्हतात. तुमची आई तिकडून आली, दहा दिवस राहिली, आणि जाताना तिने रेवदंड्याच्या बाजारातून घराच्या चाव्या करून आणल्या. एक माझ्या पर्समध्ये ठेवली, एक शेजारी दिली. मी पहिल्यांदा ती चावी कुलपात घातली तेव्हा मला ती कुठल्या बाजूला फिरवायची ते कळेना. माझ्याच घराचं कुलूप.

पुढच्या संक्रांतीच्या सुमाराला हसुरामदादांचा फोन आला. ‘बाई, तानी मरतेय बहुतेक. येता का?’

मी गेले तेव्हा कुंपणातली जागा ओकीबोकी झाली होती. बरेचसे पक्षी दादांनी कोणा कोणाला देऊन टाकले होते, काही पावसाळ्यात दगावले होते. शेवटी ढोल्या आणि तानी उरले. काशीदच्या किनाऱ्याजवळच्या एका रिसॉर्टवाल्याला पाहुण्यांना फोटो काढायला एक पक्षी हवा होता. दादांनी ढोल्याला टेम्पोत घालून पाठवलं. त्यांचं म्हणणं कुठल्याही शेतकऱ्याचं असेल तसंच होतं. कोंबडा द्यायचा, अंडी देणारी कोंबडी ठेवायची. आणि कोंबडा कोणता हे ओळखायला डॉक्टर कशाला पाहिजे? ओरडतो तो कोंबडा, गप्प असते ती कोंबडी.

फणसाखाली सुरूच्या वाळक्या काड्या, पालापाचोळा आणि नारळाच्या शेंड्या गोळा करून तानीने मोठं घरटं केलं होतं आणि त्यावर ती मान जमिनीलगत पसरून बसली होती. खाली अंडी होती. जुन्या बाटलीच्या काचेसारखी गडद हिरवी, हातभर दुरूनही चमकणारी. आधी कंपनीची माणसं प्रत्येक अंडं उचलून यंत्रात घालायला न्यायची, त्यामुळे या घरी कुठल्याच इमूला अंड्यांवर बसायची वेळ आली नव्हती. आता अंडी न्यायला कोणी येत नव्हतं.

‘किती दिवस झाले बसून?’

‘आठवडा व्हाया आला,’ चांगुणाबाई म्हणाल्या. ‘दाना न्हाय, पानी न्हाय. खुडूक झालीय. तीनदा बादली वतली डोक्यावर, तरी उठत न्हाय.’

तुम्हाला खुडूक म्हणजे काय ते सांगायला हवं. कोंबडी अंडी घालायची थांबते आणि हट्टाने बसूनच राहते, खात नाही, तेव्हा ती खुडूक झाली म्हणतात. मग आमच्याकडे तिला पाण्यात बुडवून काढतात, टोपलीखाली कोंडतात, नाहीतर तिच्याच पिसाची काडी तिच्या नाकपुडीतून आरपार घालतात, म्हणजे ती वैतागून उठते. चांगुणाबाईंनी उभ्या आयुष्यात शंभर कोंबड्या उठवल्या असतील. एवढ्या मोठ्या कोंबडीसाठी त्यांनी मोरपीस आणून ठेवलं होतं. ते फक्त घालायचं राहिलं होतं.

‘ते पीस आधी बाजूला ठेवा,’ मी म्हटलं.

‘मंग औषध द्या.’

‘उद्या सांगते.’

‘उद्या सांगते’ हे आमच्या धंद्यातलं सगळ्यात प्रामाणिक वाक्य आहे. त्याचा अर्थ, मला माहीत नाही, पण मी बघते. कॉलेजात आम्हाला गाय, म्हैस, शेळी, डुक्कर, घोडा आणि कोंबडी शिकवली होती. इमूवर अर्धं पान. संध्याकाळी मी कुलूप उघडून घरात आले, दिवा लावला, कोंबडीपालनाचं जाडजूड इंग्रजी पुस्तक काढलं, ते अर्धं पान वाचलं, आणि मग नागपूरला असलेल्या एका वर्गमैत्रिणीला फोन केला. तिची सगळी नोकरी पक्ष्यांत गेली होती. तिने मला जे सांगितलं ते ऐकून मी घरात एकटीच मोठ्याने हसले. मग माझ्या लक्षात आलं, ही गोष्ट आता सांगायला कोणी नाही. भिंतीकडे पाहून मी पुस्तक मिटलं.

दुसऱ्या दिवशी मी चांगुणाबाई आणि हसुरामदादांना ओटीवर बसवलं.

‘तानी आजारी नाही,’ मी म्हटलं. ‘आणि तानी मादीही नाही. तो नर आहे. इमूमध्ये अंड्यांवर बाप बसतो. दोन महिने. खात नाही, पीत नाही, फक्त अंडी उलटीपालटी करायला उठतो. मादी अंडी घालते आणि चालायला लागते.’

दोघांनी मान वळवून फणसाखाली पाहिलं.

‘आन् ढोल वाजवतो त्यो?’ दादांनी विचारलं.

‘ढोल मादीच वाजवते. नराला फक्त घुरघुरता येतं.’

‘म्हंजे ढोल्या बाई हाय?’

‘हो.’

चांगुणाबाई नवऱ्याकडे वळल्या. ‘म्हंजे तुमी पोरांच्या आयशीला उचलून रिसॉर्टात दिली!’

‘मला काय ठावं? ती मिशीवाल्यावानी वागायची!’

त्या घरात पुढे कित्येक दिवस दादांना हे ऐकून घ्यावं लागलं. पण त्या दिवशी हसणं लवकर थांबलं, कारण खरा प्रश्न निराळाच होता. उपाशी बसायचं म्हणून इमूचा नर आधी भरपूर खाऊन अंगावर चरबी धरतो. तानी आधीच खंगला होता. कंपनीचं खाद्य बंद झाल्यापासून त्याला तांदळाची कणी आणि शेवग्याचा पाला यावर दिवस काढावे लागले होते. दोन महिने काढायला त्याच्या अंगात काही नव्हतं. उठवला तर तो वाचेल, पण अंडी गार होऊन मरतील. बसू दिला तर अंडी कदाचित उबतील आणि तो बसल्या जागी मरेल.

‘पाखरू जगू दे,’ चांगुणाबाई म्हणाल्या. ‘अंडी जाऊंदे चुलीत.’

‘अगं, त्याचीच हायत ना ती,’ दादा हळूच म्हणाले. ‘आपन कोन उठवनारे?’

दोघं माझ्याकडे पाहत होती. मी डॉक्टर. मी म्हटलं, ‘आज उठवू नका. मी येत राहते.’

आणि मी जात राहिले. त्या दिवसांत मला घरी जायची घाई नव्हती हेही एक कारण होतं, ते लपवत नाही. दवाखाना बंद झाला की मी मोपेड काशीदच्या रस्त्याला वळवायचे. चांगुणाबाई फणसाच्या सावलीत पाट टाकून ठेवायच्या. आम्ही दोघी तानीपासून चार हातांवर बसायचो. मी टोपल्यात कलिंगडाच्या फोडी, भिजवलेला मका, घमेल्यात पाणी, सगळं त्याच्या चोचीला लागेल असं ठेवायचे. तो बघायचाही नाही. दिवसातून काही वेळा उठायचा, चोचीने अंडी एकेक करून फिरवायचा, काड्या सारख्या करायचा, पुन्हा बसायचा. त्याचे डोळे काळपट केशरी होते. ते कुठेच बघत नसत. मी आयुष्यात पुष्कळ मुक्या जनावरांजवळ बसले आहे, पण इतक्या गप्प जनावराजवळ कधी नाही. आम्ही तिघंही काही बोलत नसू. मला ते बरं वाटायचं.

माघ संपत आला तशी तानीची पाठ छपराच्या पन्हाळी पत्र्यासारखी दिसायला लागली. मांड्यांवरचं मांस गेलं. एके दिवशी मी पोचले तर चांगुणाबाई दारातच पदर खोचून उभ्या होत्या. हातात ते मोरपीस.

‘आज मी त्याला उठवनार,’ त्या म्हणाल्या. ‘तुमी न्हाय म्हनू नका. सकाळपासनं मान वर केली न्हाय त्यानं.’

मी जाऊन पाहिलं. खरंच, मान जमिनीवर सपाट पडली होती. श्वास चालू होता. मी पापणी उघडून पाहिली, त्याने साधी चोचही हलवली नाही. चांगुणाबाईंचं बरोबर होतं. माझ्या हिशेबानेही तो फार दिवस काढणार नव्हता.

‘अंडी तरी जिवंत आहेत का बघू,’ मी म्हटलं. ‘मेलेली असतील तर मी स्वतः त्याला उठवते.’

कोंबडीचं अंडं उजेडासमोर धरलं की आतलं दिसतं. इमूचं दिसत नाही, कवच फार जाड आणि गडद असतं. पण नागपूरच्या मैत्रिणीने मला एक युक्ती सांगितली होती. शेवटच्या दिवसांत अंडं सपाट जागेवर ठेवायचं आणि जवळ जाऊन शीळ घालायची. आत पिल्लू जिवंत असेल तर ते शीळ ऐकून हलतं, आणि अंडं डुलतं. बाप घुरघुरतो, पिल्लं आतून शीळ घालतात. बाहेर येण्याआधी त्यांचं असं बोलणं चालतं.

दादांनी तानीच्या पोटाखाली हात घालून एक अंडं अलगद काढलं. ओटीवर, शेणाने सारवलेल्या जमिनीवर ठेवलं. मी वाकले. आणि मला शीळ घालता येईना. कॉन्व्हेंटमध्ये शिकलेल्या मुलीला शीळ घालायला कोण शिकवणार? नुसती हवा जायची.

‘सरा,’ हसुरामदादा म्हणाले. उभं आयुष्य ट्रक चालवलेल्या माणसाने दोन बोटं तोंडात घातली.

‘एवढ्या जोरात नको! ते काय क्लीनर आहे?’ मी ओरडले.

मग त्यांनी ओठांनीच हलकी, लांब शीळ घातली. आम्ही तिघं त्या हिरव्या अंड्याकडे बघत होतो. काही झालं नाही. त्यांनी पुन्हा घातली.

अंडं डुललं. अगदी थोडं, डावीकडे. मग उजवीकडे.

चांगुणाबाईंनी मोरपीस खाली ठेवलं.  अंडं पदरात धरून त्यांनी स्वतःच ते तानीखाली परत सरकवलं, आणि त्याच्या शेजारी जमिनीवरच बसून राहिल्या.

शिमग्याच्या आधी तीन पिल्लं निघाली. बाकीची अंडी तशीच राहिली. बहुधा पहिल्या आठवड्यातल्या त्या बादल्यांमुळे, पण हे मी कोणाला बोलले नाही. मी पोचले तेव्हा पिल्लं सुकली होती, अंगावर पांढरे-तपकिरी पट्टे, पायांपेक्षा गुडघेच मोठे. तानी उभा होता. उभा म्हणजे आपल्याला वाटतं तसा नाही, कुंपणाला टेकून. मग तो एक पाऊल टाकून थांबला, घशातून घुरघुरला, पिल्लं सरकली. पुन्हा एक पाऊल. असं करत करत तो पाण्याच्या घमेल्यापर्यंत आला आणि प्यायला लागला. तो पीत होता आणि दादा बादलीने ओतत होते. तो थांबेना, तेही थांबेनात.

‘आज डोक्यावर वततीस ना, तरीबी प्याला आसता,’ दादा बायकोला म्हणाले. डोळे पुसत चांगुणाबाईंनी त्यांना शिवी दिली, ती इथे लिहीत नाही.

पुढे दादांना वाटलं, आता आईला आणावं. कुटुंब पुरं व्हावं. मी नको म्हटलं, पण त्यांनी ऐकलं नाही. शिमग्याच्या दिवशी ढोल्याला त्यांनी टेम्पोतून परत आणलं. रिसॉर्टवर तिचं उत्तम चाललं होतं. अंगाने भरली होती, एका पाहुण्याचा गॉगल खाऊन प्रसिद्धही झाली होती. तिला कुंपणाच्या दारातून आत घेतलं आणि तो मरतुकडा तानी मान ताणून, पिसं फुलवून तिच्यावर धावून गेला. पिल्लांच्या जवळपास फिरकू देईना. ती दोनदा आत आली, दोनदा त्याने हाकलली. शेवटी ती जाळीच्या बाहेर उभी राहिली आणि तिने ढोल वाजवायला सुरुवात केली. ढुम्म. ढुम्म. पिल्लांनी मान वर करून पाहिलं आणि पुन्हा बापाच्या पायांत शिरली.

‘बाई, हिला आत घेतच न्हाय तो,’ दादा हिरमुसले होते.

‘तिचं काम झालं,’ मी म्हटलं. ‘ती अशीच. घालते आणि निघून जाते.’ माझा आवाज जरा कडक झाला असावा.

चांगुणाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. ‘तुमच्या घरीबी हीच रीत व्हती ना? मास्तर पोरीची वेनी घालायचे, आख्ख्या रेवदंड्याला ठावं हाय.’

‘हो,’ मी म्हटलं.

‘मंग ढोल्याला कशाला नावं ठेवता? तिनं दिलेलीच अंडी उबवली ना त्यानं? ती दमली नसंल का?’

 संध्याकाळी दादांनी ढोल्याला पुन्हा टेम्पोत चढवलं. टेम्पो वळणाआड जाईपर्यंत आतून ढोल ऐकू येत होता. मी मोपेड सुरू केली, आवाज करत घराच्या वळणावर आले, अंगणात उतरले, आणि पर्समध्ये चावी शोधायला लागले.

तानी पुढे दोन पावसाळे जगला. चांगुणाबाईंनी त्याचं नाव बदललं नाही. पिल्लं मोठी झाली, दोन नर आणि एक मादी. मादी कोणती हे या वेळी सगळ्यांना लांबूनही ऐकू यायचं.

तर इरा, तुझी दुसरी चूक तुला कळलीच असेल. फोटोतली ती आई नाही, बाबा आहे. तोच दोन महिने बसला, तोच आता रस्ता ओलांडून त्यांना पलीकडे नेतोय. आई कुठे तरी चालत गेली असेल, पाऊस झाला तिकडे. तिला विचारलं तर तीही काही सांगेल, पण पिल्लांसारखीच माणसंही तिला विचारत नाहीत.

फोटोच्या कडेला तुमच्या गाडीचा दरवाजा आणि तुमच्या बाबांचा अर्धा हात दिसतो, त्यात तुमच्या दोघांच्या पाण्याच्या बाटल्या. तुमची आई फोटोत नाही. हॉस्पिटलात ड्युटीवर असेल. गेल्या वेळी फोनवर ती म्हणाली, निहार पडला की हल्ली ‘बाबा’ म्हणून ओरडतो. ती हसत म्हणाली. मी तिची आई आहे, मला ते हसणं ओळखता येतं.

तिला हे वाचून दाखवा. आणि माझं एक काम करा. संध्याकाळी तिच्या गाडीचा आवाज वळणावर आला की दोघांपैकी कोणीतरी पळत जाऊन दार उघडून ठेवा. तिला चावी काढायला लावू नका.

तुमची,
आजी